‘मच अडू अबाउट नथिंग’ अभ्यासताना क्लॉडिओचं करायचं काय?

अर्धविराम
शेक्सपिअरचं ‘मच अडू अबाउट नथिंग’ परीक्षेसाठी वाचा, अभिवाचनासाठी वाचा, नाहीतर नुसतं हौसेनं. सगळा जीव बिअ‍ॅट्रिस आणि बेनेडिकच्या तोंडातोंडीत अडकतो. ती दोघं गेली की पानं भराभर उलटली जातात. पण कथानक म्हणून जे काही आहे ते दुसऱ्याच जोडीचं, क्लॉडिओ आणि हीरोचं. (पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी : हीरो ही मुलगी आहे. मेसिनाचा गव्हर्नर लिओनातो, त्याची लेक. बिअ‍ॅट्रिस तिची बहीण लागते.) राजपुत्र डॉन पेद्रोचा खलनायकी सावत्र भाऊ डॉन जॉन कारस्थान रचतो, लग्नाच्या आदल्या रात्री हीरोच्या खिडकीत परका पुरुष ‘दाखवतो’, आणि दुसऱ्या दिवशी भर चर्चमध्ये क्लॉडिओ तिची अब्रू काढतो. पाचव्या अंकात हाच नवरा तिच्या पदरात पडतो आणि आपण टाळ्या वाजवायच्या.

माझं मत असं की ही दोन नाटकं एकमेकांना शिवलेली आहेत आणि शिवण दिसते. क्लॉडिओ इतका उथळ आहे की त्याच्यापायी शेवटाची चव जाते. तर प्रश्न दोन. हे नाटक नीट अभ्यासायचं तर सुरुवात कुठून करावी? आणि क्लॉडिओचं करायचं काय?

विंगेतून
सुरुवात वहीच्या आडव्या पानावर करावी. पाच रकाने आखा : प्रवेश, कोण बोलतंय, कोण ऐकतंय (समोरून की चोरून), ऐकलेलं खरं की खोटं, त्यातून काय घडलं. मग पहिल्या अंकापासून भरत या. पात्रांची स्वभावचित्रं वगैरे नंतर.

पहिल्या तीन प्रवेशांतच मजा दिसते. १.१ मध्ये (म्हणजे पहिला अंक, पहिला प्रवेश) राजपुत्र डॉन पेद्रो क्लॉडिओला सांगतो की मुखवटा घालून मी तुझ्या नावानं हीरोला मागणी घालतो. १.२ मध्ये लिओनातोचा भाऊ अँटोनिओ येतो. त्याच्या माणसानं हे बोलणं बागेत ऐकलंय, पण चुकीचं : राजपुत्र स्वतःच हीरोच्या प्रेमात आहे म्हणे. १.३ मध्ये डॉन जॉनचा चाकर बोराचिओ तेच बोलणं पडद्याआड लपून ऐकून आलाय, आणि त्यानं ते बरोब्बर ऐकलंय. घरच्या इमानी नोकराची बातमी खोटी, खलनायकाच्या चाकराची खरी. ज्या वेळी हे घडतं तेव्हा डॉन जॉननं अजून काही केलेलंही नाही. या गावात ऐकीव माहितीवर घर चालतं, हे पहिल्या पंधरा मिनिटांत मांडून झालेलं असतं.

२.१ पर्यंत भरा आणि मग सांगा शिवण कुठे आहे ते.

मधलं_पान
शीर्षकातल्या ‘नथिंग’ आणि ‘नोटिंग’ (टिपणं, कान देऊन ऐकणं) या कोटीवर कुणी परिच्छेद पाडण्याआधीच सांगते : तो प्रत्येक गाइडच्या पहिल्या पानावर आहे. उत्तरपत्रिकेत एका ओळीत उरका.

दुसरी_घंटा
रकान्यांची कल्पना चांगली आहे, पण खरा अभ्यास दोन प्रवेश शेजारी ठेवून होतो : २.३ आणि ३.१. पहिल्यात पुरुषमंडळी बेनेडिकला फसवतात, दुसऱ्यात हीरो आणि तिची दासी अर्सुला बिअ‍ॅट्रिसला. युक्ती एकच. सावज लपून ऐकतंय हे माहीत असताना मोठ्यानं बोलायचं. घडण मात्र पार वेगळी.

२.३ जवळजवळ सगळा गद्यात. लांबी अडीचशे ओळींच्या आसपास, मध्ये बाल्थझारचं गाणं. ३.१ पद्यात आणि निम्म्याहून कमी. पुरुषांचा कट ढिसाळ आहे. डॉन पेद्रो विचारतो की बिअ‍ॅट्रिसच्या प्रेमाची लक्षणं काय, तेव्हा लिओनातोला पटकन काही सुचत नाही. तो ‘ती बसते ना अशी... माझ्या मुलीनं सांगितलंच आहे तुम्हाला’ म्हणत चेंडू क्लॉडिओकडे टोलवतो. अभिवाचनात हमखास इथेच माती होते. वाचणारा ते वाक्य सफाईनं म्हणून मोकळा होतो. ते अडखळतच यायला हवं, कारण या अडखळण्यावरही बेनेडिकला शंका येत नाही. पांढऱ्या दाढीचा माणूस खोटं कशाला बोलेल, एवढ्यावर त्याचं समाधान!

बायकांचा कट धारदार. हीरो प्रेमाची गोष्ट थोडक्यात सांगते आणि मग बिअ‍ॅट्रिसचे दोष मोजत बसते : गर्विष्ठ आहे, स्वतःच्या बुद्धीपुढे कुणाला मोजत नाही, चांगल्या माणसालाही उलटा करून दाखवते. बिअ‍ॅट्रिसला हे मुकाट ऐकावं लागतं. संपूर्ण नाटकात तिला इतका वेळ गप्प बसवणं दुसऱ्या कुणाला जमत नाही. आणि हे बोलते कोण, तर एरवी चार शब्द न बोलणारी हीरो.

परिणामही पाहा. बेनेडिक फसल्यावर गद्यात लांबलचक वकिली करतो : जगाची वस्ती वाढायला हवी, ब्रह्मचारी मरेन म्हणालो तेव्हा लग्नापर्यंत जगेन असं वाटलं नव्हतं, वगैरे. बिअ‍ॅट्रिसच्या वाट्याला फक्त दहा ओळी. चार-चार ओळींच्या दोन चौकड्या आणि शेवटी दोन ओळींची एक जोडी, सगळं यमकात. बहुतेक वेळ गद्यात बोलणारी ही बाई इथे अचानक सुनीताच्या जवळ येते. परीक्षेत ‘गद्य-पद्य वापर’ हा प्रश्न आला तर याहून चांगलं उदाहरण नाही. नाटकाचा सुमारे सत्तर टक्के भाग गद्य आहे, त्यामुळे पद्य जिथे येतं तिथे थांबून ‘का?’ विचारावं.

तिरकस_तात्या
म्हणजे पुरुषाला पटवायला म्हाताऱ्याची दाढी पुरते आणि बाईला पटवायला तिचे दोष सांगावे लागतात. नोंद घेतली आहे.

मधलं_पान
तात्या :)

दुसरी_घंटा, एका गोष्टीवर मतभेद. ‘फसवतात’ हा शब्द मला मान्य नाही. दोघांचं आधीपासूनच आहे. बिअ‍ॅट्रिसचं नाटकातलं पहिलं वाक्य काय? युद्धावरून बेनेडिक परत आला का, ही चौकशी. टोपणनाव ठेवून, टर उडवून, पण पहिली चौकशी त्याचीच. आणि २.१ मध्ये ती डॉन पेद्रोला सांगते की त्यानं आपलं हृदय मला काही दिवस उसनं दिलं होतं, मी व्याजासकट दुप्पट परत केलं, आणि त्याआधी एकदा त्यानं ते खोट्या फाशांनी जिंकलं होतं. म्हणजे पूर्वी काहीतरी होऊन मोडलेलं आहे. बागेतला कट त्यांना प्रेमात पाडत नाही, कबूल करायला फक्त सबब देतो.

दुसरी_घंटा
दोन-तीन ओळींवर केवढी इमारत! ‘पूर्वी काहीतरी होतं’ इतपत ठीक. पण नाटक तो धागा पुढे कुठेही ओढत नाही. बेनेडिक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मागचा प्रेमभंग गृहीत धरून बसवलं की पहिला अंक रडका होतो आणि विनोद पडतो.

मधलं_पान
रडकं कशाला व्हायला हवं? जखम झाकायलाच तर माणूस कोट्या करतो. डॉन पेद्रो त्याच प्रवेशात तिला अर्धवट थट्टेत मागणी घालतो आणि ती म्हणते, कामाच्या दिवसांसाठी वेगळा नवरा मिळाला तरच; आपण फार महागडे, रोज वापरायला परवडणार नाही. राजपुत्राला नकार, तोही त्याला न दुखावता. हे नुसत्या हजरजबाबीपणानं होत नाही. जिला नकार म्हणजे काय ते माहीत आहे तिलाच जमतं.

दुसरी_घंटा
सुंदर वाचन आहे. पुरावा मात्र नाही :)

फाटक_उघडा
डॉगबेरीला विसरू नका लोकहो. ३.३, ३.५, ४.२, ५.१. शब्दांची वाट लावणारा हवालदार म्हणून सगळे त्याला गाळीव इतिहासासारखा घेतात, पण नाटकाचा कणा तिथे आहे.

त्या भूमिकेमुळे नाटकाचा काळही ठरतो. १६०० साली छापलेल्या क्वार्टोत (नाटकाच्या पहिल्या छापील प्रतीत) ४.२ मध्ये डॉगबेरी आणि त्याचा साथीदार व्हर्जेस यांच्या संवादांवर पात्रांऐवजी केम्प आणि काउली अशी नटांची नावं राहून गेली आहेत. म्हणजे भूमिका विल केम्प या विनोदी नटासाठीच लिहिलेली. केम्पनं शेक्सपिअरची नाटकमंडळी १५९९ मध्ये सोडली. फ्रान्सिस मिअर्सनं १५९८ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांची यादी छापली, तीत हे नाव नाही. म्हणून १५९८ ची अखेर ते १५९९ ची सुरुवात. ‘रचनाकाळ’ ही टीप लिहायची असेल तर नुसतं साल न लिहिता हे कारण लिहा, परीक्षक खूश होतो.

आता कथानकाचं. पाऊस भुरभुरतोय म्हणून बोराचिओ आणि डॉन जॉनचा दुसरा साथीदार कॉनरेड एका वळचणीखाली उभे राहतात, दारूच्या अमलात बोराचिओ सगळं कारस्थान ओकतो, आणि पहारेकरी ते ऐकतात. ‘डिफॉर्म्ड’ नावाचा कुणी चोर आहे असा त्यांचा गैरसमज होतो, तरी मुद्देमाल बरोब्बर पकडतात. ३.५ मध्ये डॉगबेरी ही बातमी घेऊन लग्नाच्या सकाळी लिओनातोच्या दारात जातो. आणि काय सांगतो? व्हर्जेस म्हातारा झालाय, तुलना वाईट, मी राजाइतका कंटाळवाणा असतो तर ते सगळं कंटाळवाणेपण आपल्यालाच दिलं असतं... लिओनातोला घाई. ‘तुम्हीच चौकशी करा’ म्हणून निघून जातो. आणखी दोन मिनिटं थांबला असता तर चर्चमधला प्रसंग घडलाच नसता.

विंगेतून यांच्या रकान्यात हा प्रवेश भरून बघा. ऐकणारा समोर आहे, बातमी खरी आहे, पण ऐकलीच जात नाही. अख्ख्या नाटकात असा हा एकच प्रवेश.

तिरकस_तात्या
तक्रार घेऊन गेलं की ‘लेखी द्या’ म्हणतात तो प्रकार चारशे वर्षं जुना आहे तर.

नांदीपूर्वी
अवांतर : हे सगळं वाचताना ‘संशयकल्लोळ’ कुणालाच आठवलं नाही?

मोलिएरचं ‘स्गानारेल’ १६६० चं. त्यावरून आर्थर मर्फीनं इंग्रजीत ‘ऑल इन द राँग’ केलं, १७६१. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये गद्य प्रहसन लिहिलं, फाल्गुनराव आणि तसबिरीच्या घोटाळ्याचं, आणि त्यालाच पदं घालून १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आलं, गंधर्व नाटक मंडळीकडून. पुरुषांना महिन्यांची नावं, बायकांना नक्षत्रांची : फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी. एका तसबिरीपायी दोन जोड्या पेटतात.

फरक असा की देवलांच्या नाटकात डॉन जॉनच नाही. कुणी कट करत नाही. प्रत्येक जण स्वतःच्या डोळ्यांनी अर्धवट बघतो आणि बाकीचं मनानं रचतो. त्यामुळे शेवटी कुणाला शिक्षा नाही, फक्त लाज. ‘मच अडू’चा पहिला अंक आणि २.१ याच जातीचे आहेत, विंगेतून यांनी वर दाखवलंय तसे. तिसऱ्या अंकापासून खलनायक कामाला लागतो आणि जात बदलते.

विंगेतून
नांदीपूर्वी, हे अवांतर नाही, धाग्याचाच विषय आहे. आणखी एक जोड द्या : याच देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ केलं होतं. ऑथेल्लोत रुमाल, संशयकल्लोळात तसबीर. खोट्या पुराव्यावर पेटलेला पुरुष देवलांनी दोन्ही टोकांनी हाताळला. शेक्सपिअरनंही तेच केलं, चार-पाच वर्षांच्या अंतरानं. क्लॉडिओ म्हणजे ऑथेल्लोचं सुटलेलं प्रकरण.

कळसूत्री
मुद्द्यावर येते. खिडकीचा प्रसंग. तो रंगमंचावर घडतच नाही, हे कितींच्या लक्षात आहे? ३.२ मध्ये डॉन जॉन ‘चला, दाखवतो’ म्हणतो, आणि पुढे बोराचिओच्या तोंडून आपण फक्त वर्णन ऐकतो : हीरोची दासी मार्गारेट हीरोच्या कपड्यांत, रात्रीचा निरोप, आणि बागेत दूर उभे तिघं जण. केनेथ ब्रॅनानं १९९३ च्या चित्रपटात तो दाखवला. तिथे क्लॉडिओला सूट मिळते, कारण जे त्यानं पाहिलं तेच आपणही पाहतो. नाटकात ती सूट नाही. जे आपण पाहिलं नाही त्यावर तो एका मुलीला उभी जाळतो, असाच अनुभव येतो. चित्रपट बघून उत्तर लिहिणारे इथे हमखास पकडले जातात.

या प्रसंगातल्या तीन गाठी टिपून ठेवा. एक, २.२ मध्ये बोराचिओ बेत सांगताना म्हणतो की मार्गारेट मला ‘क्लॉडिओ’ म्हणेल. स्वतःचंच नाव ऐकून क्लॉडिओ का भडकावा? थिओबाल्ड या अठराव्या शतकातल्या संपादकानं तिथे ‘बोराचिओ’ असा बदल केला; बरेच जण मूळच ठेवतात. दोन, बिअ‍ॅट्रिस वर्षभर हीरोच्या शेजारी झोपते, नेमकी त्याच रात्री नाही. हे ती चर्चमध्ये सांगते, आणि तिच्याच साक्षीनं हीरोची बाजू लंगडी होते. तीन, मार्गारेट. चर्चच्या प्रवेशात ती नाही. असती तर एका वाक्यात नाटक संपलं असतं. हा शेक्सपिअरचा निष्काळजीपणा नाही. बसवणाऱ्यांनी ‘सगळ्या बायका उभ्या करू’ म्हणून तिला तिथे आणून ठेवलं की घोटाळा होतो. हे फार पाहायला मिळतं.

मूळ कुठलं, तेही. मेसिना, लिओनातो हे नाव, खोट्या मृत्यूची युक्ती, हे बांदेल्लो या इटालियन लेखकाच्या १५५४ च्या कथेतून. मालकिणीचे कपडे घातलेली दासी इटालियन कवी आरिओस्तोच्या ‘ऑर्लांदो फ्युरिओसो’ या महाकाव्याच्या पाचव्या सर्गातून. बांदेल्लोत कट करणारा स्वतः त्या मुलीच्या प्रेमात आहे. शेक्सपिअरनं ते कारण काढून टाकलं आणि डॉन जॉनला नुसता आकस दिला. बेनेडिक-बिअ‍ॅट्रिसच्या कथेचं असं एकच मूळ सापडत नाही.

बावळट_बाळू
लिओनातोची बायको कुठंय? कुणी बोलतच नाही तिच्याबद्दल.

फाटक_उघडा
बाळू, नावाच्या मानानं प्रश्न भलताच हुशार. क्वार्टोत १.१ आणि २.१ च्या रंगसूचनांत ‘इनोजेन, त्याची पत्नी’ आहे. एकही वाक्य नाही. आधुनिक आवृत्त्या तिला गाळतात. पण चर्चमध्ये बाप मुलीला ‘मरून जा’ म्हणत असताना आई गप्प उभी, हे कल्पून पाहा. नाटक सहन होणार नाही. लिहिता लिहिता लेखकाच्याही ते लक्षात आलं असावं.

अर्धविराम
खूप मिळालं. रकाने भरले. शिवणीबद्दलचं मत अर्धं मागे घेतो. बागेतले दोन प्रवेश आणि खिडकी ही एकच युक्ती आहे, एकीकडे लग्न जुळतं, दुसरीकडे मोडतं. पण क्लॉडिओबद्दलचं मत कायम. उलट पक्कं झालं. ३.२ बघा. डॉन जॉननं अजून काही दाखवलेलंही नाही, नुसता आरोप केलाय. तेवढ्यावर क्लॉडिओ म्हणतो, आज रात्री काही दिसलं तर उद्या जिथे लग्न करणार होतो तिथेच, सगळ्यांसमोर तिची लाज काढीन. पुराव्याआधी शिक्षेची जागा ठरली!

दुसरी_घंटा
आणि डॉन पेद्रो काय म्हणतो? मी तुझ्यासाठी तिला मागणी घातली, लाज काढायलाही तुझ्याबरोबर असेन. त्याला कुणीच का धरत नाही? वयानं मोठा, अनुभवी, भावाची आधीची बंडखोरी पाहिलेला. क्लॉडिओवर पानं भरतात आणि राजपुत्र सुटतो, वाचकांच्या हातूनही.

क्लॉडिओची गंमत म्हणजे धडा त्याला आधीच मिळालेला आहे. २.१ मध्ये डॉन जॉन त्याला सांगतो की राजपुत्र हीरोला स्वतःसाठी मागतोय, आणि तो लगेच विश्वास ठेवून वर तत्त्वज्ञान सांगतो : प्रेमात प्रत्येक डोळ्यानं आपला व्यवहार आपणच करावा, दलाल नको. पाच मिनिटांत ते खोटं ठरतं. सांगणारा तोच डॉन जॉन. तरी तिसऱ्या अंकात पुन्हा त्याच दलालावर विश्वास.

मधलं_पान
आणि समोर तुलनेला बेनेडिक उभाच आहे. चर्चमध्ये सगळे बोंबलत असताना ‘यामागे जॉनचा हात असेल’ हे पहिल्यांदा तोच म्हणतो. पुरावा शून्य, फक्त माणसं ओळखतो.

मग ती दोघं एकटी उरतात. तो म्हणतो, जगात तुझ्याइतकं मला काही प्रिय नाही, विचित्र आहे ना? काही ओळींनंतर ‘काहीही सांग, करीन’, आणि ती म्हणते, ‘क्लॉडिओला मार.’ इंग्रजीत दोनच शब्द. वाचन बसवणाऱ्यांसाठी धोक्याची सूचना : इथे प्रेक्षक हसतात. हसू येतं कारण आधीची कबुली झरझर, नखरे करत वाचलेली असते आणि हेही त्यातलाच टोमणा वाटतो. बिअ‍ॅट्रिस प्रवेशाच्या सुरुवातीपासून रडते आहे, हे संहितेत आहे. बेनेडिकचा पहिलाच प्रश्न तो आहे. ते रडणं कबुलीभर आवाजात राहिलं तर हसू येत नाही, किंवा येऊन घशात अडकतं. लग्न लावणाऱ्या फ्रायर फ्रान्सिसची (हा चर्चमधला धर्मगुरू) योजना लांब आहे म्हणून कापतात, तीही कापू नका. हीरो मेल्याचं जाहीर करायचं हे प्रेक्षकाला नीट कळलं नाही तर पाचवा अंक कोसळतो.

तिरकस_तात्या
बाजारात उभं राहून त्याचं काळीज खाईन म्हणते ती. संपूर्ण धाग्यात क्लॉडिओचं काय करायचं याचं स्पष्ट उत्तर फक्त बिअ‍ॅट्रिसनं दिलंय.

कळसूत्री
हा हा. पण अर्धविराम, तुमच्या मूळ प्रश्नासाठी ५.३ उघडा. थडग्यापाशी प्रायश्चित्ताचा प्रवेश, जेमतेम तेहतीस ओळी. क्लॉडिओला दुःख झालं याचा नाटकातला एकमेव ठोस पुरावा हाच, कारण ५.१ मध्ये हीरो मेली हे कळूनही तो बेनेडिकबरोबर विनोद करत असतो. वेळ वाचवायला बहुतेक जण सगळ्यात आधी हाच प्रवेश उडवतात आणि मग क्लॉडिओ निर्दय वाटतो म्हणून तक्रार करतात.

त्यातही मेख आहे. क्वार्टोत मृत्युलेखाच्या वर फक्त ‘एपिटाफ’ असं शीर्षक आहे, तो कुणी वाचायचा ते लिहिलेलं नाही. आणि गाण्यानंतरची ‘दरवर्षी हा विधी करीन’ ही प्रतिज्ञा तिथे एका सरदाराच्या नावावर छापली आहे. आपल्या हातातल्या आवृत्तीत दोन्ही क्लॉडिओच्या तोंडी दिसतात ती संपादकांची मेहेरबानी. शेवटच्या प्रवेशात बिअ‍ॅट्रिसचं तोंड बंद करणारं ते प्रसिद्ध वाक्यही तसंच : जुन्या छापात लिओनातोचं, आता बेनेडिकचं.

म्हणून उत्तर लिहिताना ‘क्लॉडिओ पश्चात्ताप करतो’ असं ठोकून देऊ नका. कुठल्या आवृत्तीत, किती ओळींत, ते लिहा.

अर्धविराम
म्हणजे पश्चात्तापसुद्धा दुसऱ्यानं त्याच्या नावानं केला! मागणी घालायला राजपुत्र, पश्चात्तापाला सरदार. प्रवेश ठेवतो. प्रतिज्ञा मात्र सरदारालाच वाचायला देणार.

तिरकस_तात्या
आणि क्लॉडिओ?

अर्धविराम
बाजूला उभा राहून ऐकेल. तेवढं त्याला जमतं.